श्रीमंत शोरूम सरकार

नवापूरच्या रेल्वे स्थानकावर तिकिटे देणारा कारकून महाराष्ट्रात बसतो आणि स्टेशनमास्तर गुजरातेत, ही वार्ता आजवर इतक्या वृत्तपत्रांनी छापली आहे, आणि सीमारेषा दाखवणाऱ्या त्या बाकावर बसून इतक्या प्रवाशांनी आपली छायाचित्रे काढून घेतली आहेत, की तिच्यात नवलाचा अंश आता फारसा उरलेला नाही. १ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्याची वाटणी झाली तेव्हा स्थानक आधीपासून उभे होते, आणि सरकारी रेघेला फलाटाची भीड बाळगण्याचे काही कारण नव्हते. परंतु या रेघेचे खरे मोल छायाचित्रे काढणाऱ्यांना कळत नाही. ते कळते नवापूरच्या त्या मध्यमस्थितीतील गृहस्थास, ज्याने तूरडाळीच्या व्यापारात चार पैसे गाठीस बांधले, २००६ सालच्या बर्ड फ्लूमध्ये कुक्कुटपालनातील भागीदारी बुडाल्याचे दुःख हळूहळू गिळले, आणि आता मुलाबाळांच्या आग्रहास्तव मोटार घेण्याचा संकल्प सोडला.

रेघेच्या अलीकडे, दहा लाखांच्या आतील पेट्रोलच्या मोटारीवर महाराष्ट्र सरकार शेकडा ११ या दराने एकरकमी कर घेत आलेले आहे, आणि रेघेच्या पलीकडे गुजरात सरकार शेकडा ६ वर संतुष्ट राहते. म्हणजे आठ लाखांच्या मोटारीमागे ठोकळ हिशेबाने चाळीस हजारांचा फरक पडतो. चाळीस हजारांसाठी माणसाला नातीगोती आठवू लागतात. उच्छल, सोनगढ, व्यारा या बाजूस राहणारे, ज्यांच्या घरच्या लग्नकार्याला आपण सबबी सांगून गेलो नाही असे मावसभाऊ अकस्मात प्रातःस्मरणीय ठरतात, आणि त्यांच्या वीजबिलाच्या कागदाला इनामी सनदेचे महत्त्व येते. तथापि मोटार वाहन कायदा, १९८८ हा आपल्या लोकांच्या बंधुप्रेमाला पुरता ओळखून असल्यामुळे, त्याने कलम ४० अन्वये मोटार जेथे सामान्यतः ठेवली जाते तेथेच तिची नोंद व्हावी, आणि कलम ४७ अन्वये परराज्याची मोटार १२ महिन्यांहून अधिक काळ मुक्काम ठोकून राहिल्यास तिने नवा क्रमांक घ्यावा, असे फर्मावून ठेवलेले आहे. नवा क्रमांक म्हणजे आधी तिकडचा ना हरकत दाखला, मग इकडचा कर, आणि त्यानंतर तिकडच्या कराच्या परताव्यासाठी तिकडच्याच दफ्तरात तगादा. ज्या मोटारीने सकाळी डाळीचे नमुने घेऊन सोनगढ गाठावे आणि दिवेलागणीला परत यावे, तिचा मुक्काम कोणत्या राज्यात किती महिने झाला हे ठरवायचे तर चित्रगुप्ताचीच नाक्यावर नेमणूक करावी लागेल, आणि तोही बदलीसाठी अर्ज करील.

बदलीवरून आठवले. केंद्र सरकारने २०२१ साली, नोकरीपायी राज्याराज्यांतून हिंडावे लागणाऱ्यांच्या सोयीसाठी ‘बीएच’ अक्षरांची एक अखिल भारतीय क्रमांकमालिका काढली. तिचा लाभ सरकारी नोकरांना, आणि ज्यांच्या कंपनीच्या कचेऱ्या चार किंवा अधिक राज्यांत आहेत अशा खासगी नोकरांना. सुरत पॅसेंजरची वाट पाहत फलाटावर येरझाऱ्या घालताना ज्याची दर मिनिटाला परराज्यात बदली होते, तो नवापूरकर या मालिकेस अपात्र. कारण त्याच्या पेढीचा पसारा दोनच राज्यांत, आणि तोही एकाच रस्त्याच्या दोन टोकांना.

असो. कराचा प्रश्न ज्याचा त्याने आपल्या सदसद्विवेकबुद्धीनुसार आणि मावसभावाच्या स्वभावानुसार सोडवला, म्हणजे गृहस्थ नंदुरबार, धुळे किंवा सुरत यांपैकी एका दिशेला प्रस्थान ठेवतो, आणि दुसऱ्या एका सरकारच्या अंमलात प्रवेश करतो. या सरकारचा जन्म समजून घ्यायचा तर थोडे मागे जावे लागेल. एके काळी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील फियाट हवी असल्यास नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि मोटार मिळाल्याचे पत्र येई तोवर ज्या मुलासाठी ती नोंदवली त्याला शाळेत पोहोचवण्याची गरज उरलेली नसे. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाच्या हाती पडली आणि याचकाचा ‘ग्राहकराजा’ झाला, असे आपण मानतो. वस्तुतः याचक तोच राहिला. दरबार तेवढा बदलला, आणि त्यात वातानुकूलन आले.

आमचे एक स्नेही अशाच एका दरबारी गेले होते. कोणत्या शहरातील, हे सांगण्यात हशील नाही, कारण दरबार सर्वत्र एका मापाचे असतात. काचेचे दालन, बसणाऱ्याचे कोकरू व्हावे इतके मऊ आसन, मधोमध तांबड्या वस्त्राखाली झाकलेली मोटार, आणि समोर नात्यातल्या जावयाइतका नम्र तरुण. त्या तरुणाने जाहिरातीतील किमतीचा उच्चार केला, तो स्नेह्यांना परवडण्याजोगा होता. मग त्याने एक कोरा कागद ओढला आणि त्यावर ‘ऑन-रोड’ किमतीची रास रचावयास आरंभ केला. कर, नोंदणी आणि फास्टॅग समजण्याजोगे होते. त्याखाली हाताळणी, म्हणजे ज्या मोटारीला अजून कोणी हात लावलेला नाही तिला लावण्याचे शुल्क. त्याखाली पायपोस, सीटकव्हर, चिखलरोधक आणि देवाची मूर्ती ठेवण्याची चौथरी यांचे ‘किट’, जे घेणे ऐच्छिक असून आधीच बसवलेले होते. त्याखाली टेफ्लॉन आणि तळाचे कोटिंग. त्याखाली वॉरंटी संपल्यानंतरची वॉरंटी. आणि सर्वांत शेवटी, मुकुटमण्यासारखा, विमा.

विम्यापाशी स्नेही अडले. तोच विमा बाहेर कितीतरी स्वस्त मिळत होता. विमा नियामकाने २०१७ साली विक्रेत्यांसाठी जे नियम घालून दिले त्यांत ग्राहकावर अमुकच विम्याची सक्ती करता येणार नाही, असे आहे, हेही त्यांनी कोठेतरी वाचले होते, आणि ते त्यांनी धीर करून बोलून दाखवले.

“छे छे, सक्ती कसली सर!” तरुण म्हणाला. “तुम्ही बाहेरून घ्या ना. फक्त क्लेमच्या वेळी तुमची धावपळ होईल. आणि गाडी दसऱ्याला मिळेल का, ते मग आत्ता नाही सांगता येणार.”

सक्ती या शब्दाची इतकी निर्मळ व्याख्या मामलेदार कचेरीतही ऐकावयास मिळत नाही. स्नेह्यांनी विमा घेतला.

आता कोणी म्हणेल की बाजार आहे, घासाघीस करावी, दहावीस हजार तोडून घ्यावेत. यावर २३ ऑगस्ट २०२१ चा भारतीय स्पर्धा आयोगाचा निकाल वाचनीय आहे. देशातील सर्वांत मोठ्या मोटार कंपनीला, म्हणजे मारुती सुझुकीला, आयोगाने २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला, आणि त्याचे कारण असे, की ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर ग्राहकाला सूट देऊ नये असा शिरस्ता कंपनीने आपल्या विक्रेत्यांवर लादला होता, आणि तो पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी ग्राहकाच्या वेषात हेर धाडले जात, असे आयोगाला आढळले. जो विक्रेता अशा बनावट ग्राहकाला कनवाळूपणे अधिक सूट देई, त्याच्यावर कैफियत देण्याची आणि दंड भरण्याची पाळी येई. राजाने वेषांतर करून प्रजेची दुःखे जाणून घ्यावीत, ही आपली जुनी परंपरा. प्रजेला चुकून सुख तर होत नाही ना, हे जाणण्यासाठी वेषांतर करणे हा नव्या राज्यशास्त्राचा शोध होय. निकालावर कंपनीने अपील केले, ते यथाक्रम चालले. आमचा मुद्दा एवढाच, की त्या काळात एखाद्या दालनात भाव करणारे दोघे समोरासमोर बसलेले असताना खरा ग्राहक कोणता, हे ओळखण्याची एकच खूण होती: ज्याला सूट मिळाली नाही तो.

खरेदी हा एका दिवसाचा सोहळा. देखभाल हा संसार. पहिल्या तीन सर्व्हिसिंगपर्यंत मजुरी फुकट असते, आणि या फुकटेपणाची भरपाई ऑइल, फिल्टर, कूलंट, आणि ‘इंजिन ड्रेसिंग’ नावाच्या एका सौंदर्योपचाराने होते. जॉब कार्डावर सही घेणारा सल्लागार मोटारीखाली कधी जात नाही. तो पडद्यावर पाहतो, मान हलवतो, आणि “ब्रेक पॅड पुढच्या वेळेपर्यंत कदाचित जातील” अशी भविष्यवाणी करतो. पॅड बदलू नये म्हणावे तर जबाबदारी आपली, अशी ओळ कार्डावर येते. बाहेर जावे म्हणावे तर तो आवाज खाली आणून म्हणतो, “सर, वॉरंटी जाईल.”

हे तीन शब्द ज्याच्या दंडात ताईतासारखे बांधले गेले, त्याने २५ ऑगस्ट २०१४ रोजी काय घडले ते ऐकावे. एका तक्रारदाराच्या अर्जावरून त्याच स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी ६५ लाख रुपयांचा दंड केला. कंपन्या आपले सुटे भाग खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, बाहेरच्या गॅरेजांना दुरुस्तीची माहिती आणि दोषशोधक यंत्रे देत नाहीत, आणि अशा रीतीने मोटार विकल्यानंतरही मालकावर आपलाच ताबा ठेवतात, हा त्यांच्यावरचा ठपका होता. भाग खुले करावेत, माहिती द्यावी, आणि केवळ बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून वॉरंटी रद्द करू नये, असेही आयोगाने बजावले. पुढे अपिले झाली, दंडाचे गणित कशावर करावे यावर विद्वानांचा शास्त्रार्थ रंगला. मग डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाचे एक संकेतस्थळ उघडले आणि मोटारींना त्यात स्थान दिले. एवढे सर्व होऊनही त्या तीन शब्दांच्या उच्चारातला दबका स्वर जसाच्या तसा आहे, कारण निकाल राजपत्रांच्या भाषेत असतो आणि भय साध्या मराठीत.

या भयावर नवापुरात उतारा आहे, आणि तो सुरत महामार्गाच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये बसतो. मिस्त्री बोनेट उघडत नाहीत. आधी म्हणतात, “शेठ, जरा रेस द्या,” आणि डोळे मिटून ऐकतात. ऐकून जो निर्णय देतात तो बहुधा बरोबर असतो, आणि चुकला तर त्याचे खापर आधीच्या मिस्त्रीवर फोडण्याची सोय असते. ज्या परदेशी कंपन्या २०१७ आणि २०२१ साली भारतात मोटारी विकणे थांबवून गेल्या, त्यांच्या ग्राहकांना आज अधिकृत दालनांपेक्षा अशा शेडचाच मोठा आधार आहे. तथापि मिस्त्रींना ऋषिपदी बसवण्याचे कारण नाही. ‘ओरिजनल’ आणि ‘लोकल’ यांच्यामध्ये त्यांच्याकडे ‘ओरिजनलसारखाच’ नावाचा एक तिसरा वर्ग आहे, ज्याची किंमत पहिल्याची आणि आयुष्य दुसऱ्याचे असते. “संध्याकाळी गाडी देतो,” असे ते शपथेवर सांगतात. कोणत्या संध्याकाळी, हे विचारणे असभ्यपणाचे मानले जाते. बिल मागितले तर सिगारेटच्या पाकिटाची पाठ पुढे येते. आणि नव्या मोटारीत एखादा नारिंगी दिवा लागला, की स्कॅनर नसल्यामुळे, तो दिवा लागल्याने काही बिघडत नाही, असा निर्वाळा मिळतो.

स्नेह्यांची मोटार मागल्या पावसाळ्यात कोंडाईबारीच्या घाटात बंद पडली. त्यांनी आधी दालनाने दिलेला मदतीचा क्रमांक फिरवला. दूरच्या कोठल्याशा महानगरातून एका मंजुळ स्वराने त्यांचे नाव, मोटारीचा चेसिस क्रमांक आणि जवळची ठळक खूण विचारली; स्नेह्यांनी “घाट” असे सांगितले, तेव्हा पिनकोड विचारला. मग त्यांनी मिस्त्रींना फोन लावला. मिस्त्रींनी फक्त एवढेच विचारले, की वळण देवळाच्या आधीचे की नंतरचे. आणि तासाभरात ते पाना, वायर आणि एका पोऱ्यासह मोटारसायकलवरून हजर झाले.

मोटार घरी आल्यावर दोन दिवसांनी दालनातून फोन आला. मदत सेवेचा अनुभव कसा वाटला, दहापैकी किती गुण द्याल? स्नेही विचार करू लागले, तसा पलीकडचा आवाज काकुळतीला आला: सर, दहाच द्या, नवाला आमच्याकडे शून्य धरतात, माझा पगार कापतील. स्नेही मुळात कोमल हृदयाचे; न मिळालेल्या मदतीला त्यांनी दहा गुण दिले. त्याच दुपारी मिस्त्रींचाही फोन आला. गुणांची चौकशी त्यांनी केली नाही. घाटातल्या कामाचे साडेसातशे आणि मागच्या क्लचप्लेटचे राहिलेले बाराशे, असे मिळून दिवाळीच्या आत द्यावेत, एवढीच सूचना त्यांनी केली.