पाण्याला पंगतीत मज्जाव

मराठी पंगतीत पाणी हे जवळजवळ यजमानच असतं. पान वाढण्याआधी तांब्या-फुलपात्र हजर. पहिल्या घासाआधी आपोशन, उठण्याआधी उत्तरापोशन, आणि मधल्या वेळात पाण्याला काम मिळावं म्हणून ठेचा. अशा घरातल्या माणसाने वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली की आहारतज्ज्ञांच्या कागदावर फर्मान येतं: जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही, आणि काही ठिकाणी जेवणाआधीचा अर्धा तासही नाही. त्यातून हा माणूस नोकरीनिमित्त कोलकात्याच्या न्यू टाउनमध्ये राहत असेल तर परीक्षा आणखी अवघड. तिथल्या इको पार्कमध्ये शंभरेक एकरांचं तळं आहे आणि आसपास खाण्याची चंगळ. म्हणजे गावाची आखणीच खाणं आणि पाणी शेजारी ठेवून केलेली. माझं म्हणणं एवढंच, की फर्मान निमूट पाळावं. घरोघरी त्याचं जे कारण सांगतात, ते मात्र खरं मानू नये.

ते कारण असं, की पाण्याने जठराग्नी विझतो, पाचकरस पातळ होतात. जठर म्हणजे अंगणातली शेगडी नव्हे. ते लागेल तसं आम्ल तयार करत राहतं, आणि नुसतं पाणी तिथे फार वेळ रेंगाळतही नाही. इथे कोणी वाग्भटाची साक्ष काढेल. अष्टांगहृदयात तो सांगून गेलाय, की जेवणाआधी पाणी पिणारा कृश होतो, मध्ये पिणारा आहे तसा राहतो आणि शेवटी पिणारा स्थूल होतो. साक्षीदार वजनदार आहे, हे मान्य. पण त्याच्यासमोरचं जठर अख्खं होतं. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा पाऊण हिस्सा किंवा थोडा अधिकच काढून टाकतात. उरते ती शंभर-दीडशे मिलिलिटरची नळी. जठराच्या बायपासमध्ये वरची पिशवी सुरुवातीला तीसेक मिलिलिटरची असते. कोलकात्यात हे समजायला आकृती लागत नाही. चहाचा मातीचा छोटा भाँड साठ मिलिलिटरचा धरला, तर बायपासवाल्याचं नवं पोट म्हणजे अर्धा भाँड. त्यात अंडं, मासा, डाळ यांतली प्रथिनं बसवायची आहेत. आधी पाणी जाऊन बसलं तर प्रथिनांना उभं राहायलाही जागा नाही, आणि दोघांनी हट्ट धरला तर छातीत कळ येते किंवा सगळंच उलटून पडतं. भांडण अग्नीचं नाही, जागेचं आहे.

दुसरंही एक कारण सांगतात: पाण्यासोबत अन्न पुढे वाहून जातं आणि भूक लवकर लागते. ऐकायला हे पटतं, पण पुरावा तोकडा आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत बार्बरा रोल्स यांनी २४ बायकांवर प्रयोग केला. चिकन-भाताचा तोच पदार्थ एकदा नुसता दिला, एकदा सोबत ग्लासभर पाणी दिलं, एकदा तेवढंच पाणी घालून सूप केलं. सूप घेतल्यावर पुढचं जेवण कमी गेलं. शेजारच्या ग्लासाने काहीच फरक पडला नाही. नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी नंतर एमआरआयमध्ये पाहिलं, की अन्न पाण्यासकट घोटलं तर पोटातून हळू सरकतं. थोडक्यात, शेजारचं पाणी गर्दीतून वाट काढून एकटंच निसटतं. ते अन्नालाही ओढून नेतं, हे यातून सिद्ध होत नाही. शिवाय हे प्रयोग अख्ख्या जठरांवरचे. तेव्हा ‘अर्धा तास’ हा आकडा काही सोनाराच्या तराजूवर तोललेला नाही. सोयीचा, गोल आकडा आहे. मग पाळायचा कशाला? चुकला तर अर्धा तास तहान सोसण्यापलीकडे नुकसान नाही, आणि न पाळल्यास उलटी होणार नाही याची हमी कोणी घेत नाही, म्हणून.

आता घास कोरडा अडकतो, ही तक्रार रास्त आहे. त्यावर तोड म्हणजे ओलसर अन्न, छोटा घास आणि कंटाळा येईपर्यंत चावणं. माशाच्या झोलातला रस्सा, भातावरचं वरण हे अन्नात मुरलेलं पाणी, त्याला सहसा आडकाठी नसते. ताक मात्र पेयच. मराठी माणसाने कितीही भातावर ओतून त्याला लपवलं तरी. रसगुल्ल्याचा पाक तर बायपासवाल्याच्या भेटीला थेट घाम आणि धडधड पाठवतो. खरा आक्षेप वेगळाच आहे: या नियमाच्या धाकाने माणूस पाणीच विसरतो. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा दवाखान्यात जावं लागण्याच्या नेहमीच्या कारणांत पाणी कमी पडणं हे एक आहे, आणि बंगालचा मे महिना कोणावर दया करत नाही. दिवसाला दीड ते दोन लिटर सांगतात. पाच खाणी, प्रत्येकाची मागची-पुढची बंदी धरून दीड तास, म्हणजे साडेसात तास गेले. जागेपणीच्या उरलेल्या आठ-साडेआठ तासांत तासाला साधारण तीन-चार भाँड, तेही घोटाघोटाने. ही पूर्ण वेळची नोकरी आहे आणि ती आयटी कंपनीची नोकरी सांभाळून करायची आहे. बैठकीत सतत बाटली तोंडाला लावणाऱ्या सहकाऱ्याला म्हणून हसू नये.

राहता राहिला फुचका, म्हणजे बंगालची पाणीपुरी. बटाटा आणि चिंचेचं पाणी एकाच घासात, तोही अख्खा, आणि चावून होईस्तोवर पुढचा द्रोणात हजर. नियमांतलं एकही कलम इथे शाबूत राहत नाही. कायद्यात बसेल असा एकच प्रकार फुचकावाल्याकडे मिळतो, तो म्हणजे ‘शुकनो’, आपल्या सुक्या पुरीचा भाऊ. तो फुकट असतो. पण आधीचे सगळे ओले संपवल्यावरच.