ब्लॅकबर्नची कोंबडी आणि आमची मतं

इंग्लंडच्या फुटबॉलचं कुठं बिनसलं, हे लंडनमध्ये विचाराल तर चौकशी समिती बसेल. चंद्रपुरात विचाराल तर जटपुरा गेट ओलांडायच्या आत उत्तर मिळेल. खर्रा घोटता घोटता टपरीवाला सांगेल, "मॅनेजर फर्ग्युसन गेला अन् मँचेस्टर युनायटेडची रया गेली बाप्पा." बाजूला उभा असलेला आर्सेनलवाला त्यावर हसेल, पण जपून, कारण २०२३, २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ तीन वर्षं त्याच्या संघानं दुसरा नंबर काढला आणि दर वेळी त्यानं सगळ्यांना आगाऊ चहा पाजला होता. तिसरा लिव्हरपूलवाला. तो काहीच बोलत नाही, कारण तीस वर्षं वाट पाहून २०२० साली त्याला विजेतेपद मिळालं तेव्हा लॉकडाऊन होता आणि टपरीच बंद होती.

आमच्यापैकी कुणी इंग्लंड पाहिलेलं नाही. हिरवंगार मैदानही फारसं पाहिलेलं नाही. इथं मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि मैदानात गवत म्हणून जे काही असतं ते कधीच गुरांच्या पोटात गेलेलं असतं. पण मत असायला मैदान लागत नाही, मनगटात जोर लागत नाही, पासपोर्टही लागत नाही. केबल आली, तिच्यामागून प्रीमियर लीग आली, आणि ज्यांना पोटच्या पोराच्या गणिताच्या मास्तरांचं नाव ठाऊक नव्हतं त्यांना एव्हर्टनचा राखीव गोलकीपर तोंडपाठ झाला.

आमचं पहिलं मत व्हिडिओ रेफरीबद्दल. २०१९च्या हंगामापासून प्रीमियर लीगमध्ये तो आला आणि गोल झाल्याचा आनंद उधारीवर गेला. चेंडू जाळ्यात जातो, खेळाडू धावत सुटतात, आपणही खुर्चीतून अर्धे उठतो आणि तसेच अवघडून थांबतो, कारण कुठंतरी बंद खोलीत बसून कुणीतरी पडद्यावर रेघा मारत असतं. हे आम्हाला नवीन नाही. आमच्याकडे दोन भावांत धुऱ्याचा वाद निघाला की सरकारी मोजणी येते. दिवसभर मोजमाप चालतं, संध्याकाळी हातभर जमीन इकडची तिकडे होते आणि दोन्ही भाऊ आधीपेक्षा जास्त चिडून घरी जातात. टपरीवाला म्हणतो, "रेघा मारून खेळ होते का जी? शेत हाय का ते?" इंग्लंडमध्येही एका क्लबाला तसंच वाटलं. वुल्व्ज या संघानं २०२४ साली ठराव मांडला की हे प्रकरण बंदच करून टाकू. मतदान झालं, एकोणीस विरुद्ध एक. बाजूनं पडलेलं ते एक मत वुल्व्जचं स्वतःचं. ग्रामसभेतही एवढा एकाकी माणूस मी पाहिलेला नाही.

इथपर्यंत आमचं आणि तिथल्या चाहत्याचं छान जमतं. तो कुरकुरतो, आम्ही मान डोलावतो. पंचाईत पुढं होते. त्याच्या बाकीच्या तक्रारी नीट ऐकल्या की त्यांचा माग फिरत फिरत आमच्याच अंगणात येऊन थांबतो.

त्याची मोठी तक्रार वेळेची. इंग्लंडात फुटबॉल म्हणजे शनिवारी दुपारी तीन. आठवडाभर राबायचं, शनिवारी जेवून मैदान गाठायचं. ही रीत मोडू नये म्हणून १९६०च्या दशकात बर्न्ली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी आग्रह धरला, की त्या वेळी टीव्हीवर सामना दाखवू नका; नाहीतर लोक घरी बसून मोठे संघ पाहतील आणि छोट्या संघांच्या मैदानांवर चिमण्या उरतील. ती बंदी अजून आहे. शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात इंग्लंडमध्ये फुटबॉलचा सामना थेट दाखवता येत नाही. तो दिसतो आमच्याकडे. त्यांच्या उन्हाळी वेळेत संध्याकाळी साडेसातला, घड्याळं मागं गेली की साडेआठला. म्हणजे जो सामना मैदानाशेजारच्या गल्लीतल्या म्हाताऱ्याला घरी बसून पाहता येत नाही, तो आमचा माणूस मूलला किंवा आरमोरीला वरण-भात कालवत पाहतो आणि वर म्हणतो, "आज काही मजा नाही."

काही सामने आता शनिवारी साडेबाराला सुरू होतात. टीव्हीच्या सोयीसाठी. लिव्हरपूलचे तेव्हाचे मॅनेजर क्लॉपसाहेब यांनी या साडेबारावर इतकी आदळआपट केली, की शेवटी शेवटी तोच त्यांचा खरा प्रतिस्पर्धी वाटू लागला. न्यूकॅसलच्या चाहत्याला लंडनमधला साडेबाराचा सामना गाठायचा तर कोंबडं आरवायच्या आत घर सोडावं लागतं. आमच्याकडे तेव्हा संध्याकाळचे पाच किंवा सहा वाजलेले असतात. उन्हं कललेली, चहाची वेळ. टीव्हीची सोय म्हणतात ती शेवटी कुणाची तरी सोय असतेच. २०२२ ते २०२५ या तीन हंगामांच्या करारांत प्रीमियर लीगला परदेशातून येणारा टीव्हीचा पैसा पहिल्यांदाच घरच्या पैशाच्या पुढं गेला. त्या पैशात माझ्या रिचार्जचाही आणा-पैसा असणार. एवढ्या पैशावर मी न्यूकॅसलच्या माणसाची झोप मोडतो, हे त्याला कळलं तर तो काय म्हणेल, याचा विचार मी सहसा मध्यंतरात करतो.

दुसरी तक्रार जुगाराची. २०२४-२५च्या हंगामात प्रीमियर लीगच्या वीसपैकी निम्म्याहून जास्त संघांच्या छातीवर सट्टेबाजीच्या कंपन्यांची नावं होती. त्यातल्या बऱ्याच कंपन्यांचं नाव तिथल्या माणसानं कधी ऐकलेलंही नसतं, कारण जाहिरात त्याच्यासाठी नसते. ती आशियातल्या प्रेक्षकांसाठी असते. हे वाचून आमच्या टपरीवर काही क्षण शांतता पसरली. चंद्रपूर आणि गडचिरोली या आमच्या दोन्ही जिल्ह्यांत जंगलाच्या कडेला कोंबडबाजार भरतो. कोंबड्याच्या पायाला काती बांधतात, रिंगणाभोवती पैसा लागतो आणि मग पोलिसांची धाड पडते. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी: अमुक आरोपी, तमुक मोटारसायकली, इतके जिवंत कोंबडे जप्त. तिकडे पैसे लावणाऱ्यांचं नाव खेळाडूच्या छातीवर छापतात आणि लहान मुलं तो सदरा वाढदिवसाला मागतात. आता २०२६-२७च्या हंगामापासून छातीवरची ही नावं काढायचं क्लबांनी आपणहून कबूल केलं आहे. बाहीवरची राहतील. आमच्याकडच्या कोंबडबाजारवाल्यांना ही बाहीची पळवाट अजून सुचलेली नाही.

दारूचं मात्र उलटं. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, म्हणून आमचे पाहुणे हळहळतात की तिकडे मॅच बघायची मजा काय. त्यांना ठाऊक नसतं, की इंग्लंडमध्येही १९८५च्या कायद्यानं फुटबॉलचं मैदान दिसेल अशा जागी बसून पिता येत नाही. मध्यंतरात आत जाऊन घाईघाईनं ग्लास रिकामा करायचा आणि परतायचं. सीमेपलीकडे जाऊन येण्याची ही कला आमच्या भागात कुणाला शिकवावी लागणार नाही.

आता मुख्य तक्रार, मालकांची. क्लब गावाचा आणि मालक परमुलखातला, याचं तिथल्या चाहत्याला भारी दुःख. अमेरिकन आले, अरब आले. आणि नोव्हेंबर २०१०मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब विकत घ्यायला कोण आलं? पुणेकर आले. वेंकीज, कोंबड्यांचा धंदा करणारी पुण्याची कंपनी.

ब्लॅकबर्न म्हणजे ऐरागैरा क्लब नव्हे. स्थापना १८७५ची. १८८८ साली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा संघांतला एक, एफए कप सहा वेळा. १९९५ साली तर प्रीमियर लीग जिंकली. त्यांच्या स्ट्रायकर शिअररनं त्या हंगामात चौतीस गोल केले. शेवटच्या दिवशी ब्लॅकबर्न हरलं, पण तिकडे युनायटेडची बरोबरी झाली आणि हरूनही हे विजेते. अशा घरात पुण्याची मंडळी आली. महिनाभरात मॅनेजर सॅम अलरडाईस यांना निरोप मिळाला. रोनाल्डिन्हो येणार अशी हवा झाली. तो आला नाही. ड्रेसिंग रूममध्ये बसून चिकन खाणाऱ्या खेळाडूंची जाहिरात मात्र आली. आणि ७ मे २०१२ला, विगनविरुद्धच्या सामन्यात, कुणीतरी क्लबाच्या झेंड्यात गुंडाळलेली एक कोंबडी मैदानात सोडली. त्याच सामन्यात संघ हरला आणि खालच्या विभागात घसरला.

ही बातमी आमच्याकडे पोचली तेव्हा पहिला प्रश्न निघाला, कोंबडी गावरान होती की बॉयलर? ज्या चपळाईनं ती मैदानात फिरली म्हणतात, त्यावरून गावरान असावी, असं बहुमत पडलं. दुसरी गोष्ट अशी, की आम्हाला ब्लॅकबर्नकरांविषयी एकाएकी आपुलकी वाटू लागली. पुण्यात बसून कुणीतरी निर्णय घ्यायचा आणि तो शेकडो कोस दूर कुणीतरी भोगायचा, हा अनुभव विदर्भाला नवा नाही. विदर्भ महाराष्ट्रात येताना झालेला नागपूर करार वगैरे आम्ही त्यांना समजावून सांगू शकलो असतो. पण न्यायानं बोलायचं तर हेही सांगायला हवं, की त्यानंतर वर्षानुवर्षं क्लबाचा तोटा हीच मंडळी खिशातून भरत आली. शेजारच्या बरी गावाचा क्लब, दोनदा एफए कप जिंकलेला, १८८५ पासूनचा, २०१९ साली कर्जापायी लीगमधून थेट बाहेर काढला गेला. ब्लॅकबर्नचा दिवा तरी तेवता राहिला. चाहत्यांना हे पटत नाही. सुनेला सासूचं कुठं पटतं?

आणि हा जमाखर्च जरा मागून मांडला तर आणखीच गुंता. ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधलं विणकरांचं गाव, वैभव सगळं सुतावर उभं राहिलेलं. १८६१ला अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडला, लँकेशायरचे माग थंडावले आणि साहेबाला वऱ्हाड आठवला, हिंगणघाट आठवलं. पुढं १८७०च्या दशकात आमच्या वरोऱ्यापर्यंत रूळ आले ते कोळशासाठी, पण वाटेत हिंगणघाट होतंच. कापूस इकडून गेला, कापड तिकडून आलं, नफा तिकडेच राहिला. मग स्वदेशी आली, तिकडचे माग बंद पडू लागले आणि १९३१च्या सप्टेंबरात गांधीजी ब्लॅकबर्नला लागून असलेल्या डार्वेनला जाऊन त्या बेकार कामगारांना भेटले. ज्याच्या बहिष्कारानं चूल विझली त्याचं त्या लोकांनी मनापासून स्वागत केलं. पाच वर्षांनी गांधीजी आमच्या शेजारी सेवाग्रामला राहायला आले. तेव्हा ब्लॅकबर्नशी आमचा संबंध काय, असं कुणी विचारलं तर मी म्हणतो, बसा, वेळ आहे ना?

या सगळ्याला एक उतारा मला गडचिरोलीतल्या मुलचेऱ्याकडे मिळाला. १९६०च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं तिकडे वसवली आहेत. धान कापून झालं की मोकळ्या बांधीत पोरं बांबूचे गोलपोस्ट रोवतात आणि धानाची धसकटं तुडवत अनवाणी फुटबॉल खेळतात. बांधावर एक लुंगीतले आजोबा बसले होते. मी त्यांना प्रीमियर लीगबद्दलचं माझं चिंतन ऐकवलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वो टीव्ही का खेल है. असली टीम ईस्ट बंगाल." कोलकात्याला कधी सामना पाहिला का, विचारलं. नाही म्हणाले. रेडिओवर ऐकायचे, नदीपलीकडचं घर सुटलं, पण संघ सुटला नाही. त्यांच्यासाठी कुणी कधी सामन्याची वेळ बदलली नव्हती, कुठल्या कंपनीनं त्यांना गिऱ्हाईक मानून खेळाडूच्या छातीवर नाव छापलं नव्हतं. लांबून प्रेम करायला हरकत नाही, हे त्यांच्याकडे पाहून पटलं. ज्याच्यावर प्रेम करायचं त्याच्या घरची घड्याळं आपण फिरवू नयेत, इतकंच.

तेव्हापासून मी ठरवून ब्लॅकबर्न रोव्हर्सचा चाहता झालो आहे. २०१२ नंतर तो संघ प्रीमियर लीगमध्ये परतलेला नाही, त्यामुळे त्याचे सामने इकडे सहसा दिसत नाहीत. माझ्यामुळे तिकडे कुणाची झोप मोडत नाही. सकाळी उठून फक्त निकाल पाहायचा, हरले असतील तर टपरीवर जाऊन पुण्याला दोष द्यायचा. आठ आण्याचा उपद्रव नाही. सामना न पाहता मत देता येत नाही, असं टपरीवरचे लोक मला ऐकवतात. पण त्यांच्या संघांचे सामने ते पाहतात आणि तरीही जी मतं देतात, ती ऐकून मला धीर येतो. गेल्याच आठवड्यात आमची बचावफळी काहून ढेपाळली, हे मी त्यांना अर्धा तास समजावून सांगितलं. गोलकीपरचा विषय अजून काढायचा आहे.