आधीचा चेहरा कुणाचा?

फोटो टचिंगचं काम चांगलं झालं की दिसत नाही. सुतार दार दाखवतो, शिंपी ब्लाउज दाखवतो. टचिंग करणाऱ्याने नोकरी मागताना काय दाखवायचं? पुसलेली पुटकुळी?

म्हणून दोन फोटो शेजारी लावावे लागतात. आधी आणि नंतर. मधली रेघ बोटाने सरकवली की पुटकुळी जाते, डोळ्यांखालचं काळं जातं, मागचा मांडवाचा बांबूही जातो. ही युक्ती आजची वाटते ना? म्युनिकच्या फ्रान्ट्स हान्फश्टेंगल या छायाचित्रकाराने १८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात एकाच व्यक्तीच्या अशा दोन प्रती मांडल्या होत्या, एक हात फिरवण्याआधीची, एक नंतरची. लोक बघत राहिले.

'नंतर'चा फोटो टचिंग करणाऱ्या पोराच्या कष्टाचा. 'आधी'चा कुणाचा?

नवरीचा.

तिच्या घरच्यांनी पैसे मोजले ते लग्नाच्या अल्बमसाठी. सांगलीच्या एखाद्या पोराला पुण्यात नोकरी मिळावी म्हणून तिची घामेजलेली, थकलेली, काजळ पसरलेली मुद्रा चारचौघांत टांगायला ते पैसे नव्हते. 'आधी'चा तो फोटो सासरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोचायला किती वेळ लागतो?

कायदाही पोराच्या बाजूने उभा नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ बघा. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा. नोकरीत केलेल्या कामाचा मालक, पुन्हा करार नसेल तर, नोकरी देणारा. लगीनसराईत रात्री दोनपर्यंत अल्बमची पानं लावणाऱ्याच्या वाट्याला फक्त पगार येतो. तोही वेळेवर आला तर.

मग काय करायचं? एक फोन करायचा. 'ताई, तुमचा फोटो माझ्या कामाचा नमुना म्हणून लावू का? आधीचाही दिसेल.' ताई नाही म्हणाल्या तर विषय संपला. हो म्हणाल्या तर तो होकार लिहून घ्यायचा. इतकं साधं काम करायला लाज कसली वाटते?

आणि कुणीच हो म्हणालं नाही तर घरात आई आहे. उन्हात राबलेला चेहरा, कपाळावर गोंदण, मानेवरच्या सुरकुत्या. गोंदण आणि सुरकुत्या ठेवून त्या फोटोत नुसता उजेड नीट करून दाखवा. आंतरजालावरून उतरवलेल्या सरावाच्या फोटोतली तीच ती परदेशी मॉडेल मुलाखत घेणाऱ्याने सकाळपासून चारदा पाहिलेली असते. तुमची आई त्याने पाहिलेली नाही.

पण खरं दुखणं 'नंतर'च्या फोटोत आहे.

आधी सावळी मुलगी. नंतर गोरी मुलगी. खाली अभिमानाने नाव आणि मोबाइल नंबर. सावळा रंग हा डाग कधीपासून झाला? विठोबाला सावळा म्हणून आळवायचं आणि वारी करणाऱ्याच्या लेकीला मात्र स्लायडर ओढून पांढरी करायची?

'पार्टीच सांगते, गोरं करा,' हे उत्तर मला पाठ आहे. पार्टी सांगते ते अल्बममध्ये. पोर्टफोलिओत काय ठेवायचं हे तुम्हाला कोण सांगतं? 'फेअर अँड लव्हली'सारख्या क्रीमनेही २०२० मध्ये नावातलं 'फेअर' काढून टाकलं. तुम्ही अजून तेच विकताय.

शिवाय गोरं करण्यात कसब कुठे आहे? एक स्लायडर उजवीकडे. झालं. कसब बघायचंय तर हळदीचा फोटो घ्या. पिवळा मांडव, पिवळी साडी, पिवळी हळद, आणि त्या सगळ्याचा उजेड गालावर आणि हनुवटीखाली उतरलेला. हळद हळदच दिसली पाहिजे, सोनं सोनंच, आणि त्या पिवळ्यातून मुलीचा मूळचा सावळा रंग जसाच्या तसा वर आला पाहिजे. याला डोळा लागतो. असा एक फोटो गोऱ्या केलेल्या नवरीच्या पन्नास फोटोंना भारी आहे.

तीच गत त्वचेची. ब्लर मारून गाल प्लास्टिकचा करणारे गल्लोगल्ली आहेत. जाणकार पोत आणि रंग वेगळ्या लेयरवर घेतो, रंग सावरतो, रंध्रं राहू देतो. नोकरी देणारा फोटो मोठा करून आधी नाकाशेजारी बघतो. तिथे रंध्रं नसतील तर पुढचा अर्ज.

बांबू पुसल्याचं कौतुक आता नको. मे २०२३ मध्ये फोटोशॉपच्या बीटा आवृत्तीत 'जनरेटिव्ह फिल' आलं. तेव्हापासून बांबूभोवती रेघ मारली, बटण दाबलं की बांबू जातो. काय काढायचं नाही, हे मात्र बटणाला कळत नाही. ते तुम्हाला कळतं का? मग प्रत्येक फोटोखाली दोन ओळी लिहा. काय काढलं, काय ठेवलं, का ठेवलं. लेयर उघडून दाखवा. नुसती रेघ सरकवून हे दिसत नाही.

परदेशी कामावर डोळा असणाऱ्यांनी तर हे लिहायलाच हवं. फ्रान्समध्ये ऑक्टोबर २०१७ पासून मॉडेलची अंगकाठी बारीक वा जाड केलेल्या जाहिरातीच्या फोटोवर तसं छापावं लागतं. नॉर्वेत जुलै २०२२ पासून जाहिरातीतल्या माणसाच्या शरीराचा आकार किंवा त्वचा बदलली तरी शिक्का लागतो. तिथल्या गिऱ्हाइकाला तुम्ही काय बदललं हे नेमकं सांगता आलं पाहिजे. 'थोडं टचअप केलं' एवढ्याने त्याचं भागत नाही.

आता नोकरी देणाऱ्यांकडे वळू.

पोराने इतकं सगळं केलं, परवानगी घेतली, आईचा फोटो लावला, लेयर उघडून दाखवले. त्यावर तुमचा निरोप काय? 'छान आहे. टेस्ट म्हणून पंधरा फोटो करून पाठवा, उद्या सकाळपर्यंत.' पाच जणांना वेगवेगळे पंधरा धाडले की पंचाहत्तर फोटोंचा कॅटलॉग फुकटात तयार होतो. नोकरी कुणालाच मिळत नाही.

याला परीक्षा म्हणायचं की वेठबिगारी?

पोरांनो, टेस्ट द्या, पण एका फोटोची. छोट्या आकारात, फोटोवर आडवं नाव टाकून. पंधरा मागणाऱ्याला विचारा, दर काय? तो गप्प बसला तर तिथे नोकरी नव्हतीच.

आणि मालक, तुम्हाला माणूस पारखायचाय ना? समोर बसवा, एक फोटो द्या, तासभर हात कसा चालतो ते बघा. त्या तासाचे पैसे त्याच दिवशी द्या.