नी ते सां

पिकोलो हे वाद्य शाळेतल्या फूटपट्टीपेक्षा जेमतेम दोन बोटं लांब. सुमारे ३२ सेंटिमीटर. ऑर्केस्ट्रातल्या बासरीच्या निम्म्याहून थोडं कमीच, आणि आवाज मात्र तिच्या एक सप्तक वरचा. काळ्याभोर आफ्रिकी लाकडाची ही नळी, आणि तिच्यावर चांदीच्या कळांची इतकी दाटी की एखाद्या लहानशा संस्थानाच्या बाळराजाला खजिन्यातले सगळे दागिने एकाच दिवशी चढवलेत असं वाटावं. एवढ्याशा जिवाकडून मला मागायचं तरी काय होतं? मेजर स्केल. म्हणजे आपला बिलावल थाट, सगळे शुद्ध स्वर. मराठी घरात पेटी असो वा नसो, सारेगमपधनीसां कोणी शिकत नाही; ते गोवर-कांजिण्यांसारखं लहानपणी आपोआप होऊन जातं. जे सहाव्या वर्षी गुणगुणता येत होतं तेच साठीनंतर फी भरून शिकायला जाण्यात एक मऊसा वेडेपणा आहे. पण निवृत्तीनंतर माणसाला मऊ वेडेपणाच परवडतात.

माझ्या शिक्षिका वयानं माझ्या धाकट्या मुलीहून लहान. मी त्यांना ‘मॅडम’ म्हणतो, त्या मला ‘काका’ म्हणतात, आणि या दोन संबोधनांच्या मधे कुठेतरी आमचं गुरु-शिष्याचं नातं अवघडून बसलेलं असतं. त्यांच्या आजोबांचं बालपण गोव्यातलं. चर्चच्या शाळेत आधी सोल्फेज, म्हणजे सुरांची नावं घेत गाणं, पक्कं झाल्याशिवाय मुलांच्या हाती व्हायोलिन पडत नसे, ही शिस्त त्यांच्याकडून नातीकडे आलेली. मुंबईच्या हिंदी सिनेमाला इतकी वर्षं कागदावरचे सूर वाचून वाजवणारे जे गोवेकर वादक मिळाले, त्यांची मुळं या शाळांमध्येच होती. तेव्हा आधी गायचं, मग फुंकायचं. ‘फुंकू नका काका, श्वास सोडा,’ असं मॅडम सांगतात. उमेदवारीच्या काळात मला साहेब हेच सांगायचे, पण ते रजेच्या अर्जाबद्दल असायचं.

पिकोलो कर्कश असतो अशी त्याची ख्याती आहे. पट्टीचे वादकसुद्धा सरावाला बसताना उजव्या कानात बोळा घालतात. पण ही ख्याती त्याच्या वरच्या मजल्याची. खालच्या सप्तकात हा इतका हळवा, इतका धुरकट बोलतो की पहिल्या दिवसांत मी मन लावून सा धरलेला असताना आतून बायकोची विचारणा व्हायची, ‘अहो, सुरू कधी करणार?’ मी सुरू होतो. तिला ऐकू येत नव्हतं इतकंच. पुढे एकदा ओठ चुकून अधिक आवळले गेले आणि तोच सा एक सप्तक वर उडाला. त्या दिवशी सोसायटीचा वॉचमन कुठली गाडी मागे येतेय हे बघायला फाटकापर्यंत जाऊन आला. कुजबुज आणि आरोळी यांच्यामधलं साधं बोलणं या वाद्याला जमतच नाही, असं माझं मत झालं आहे. मॅडमना ते मान्य नाही.

आता बोटांचं सांगतो. आपली बांबूची बासरी सरळमार्गी. खालून एकेक बोट उचलत गेलं की सूर पायरी पायरीनं वर जातो. पिकोलोचा सा पांढरी दोनचा, म्हणून पाश्चात्त्य भाषेत त्याचं घरचं स्केल डी मेजर. सुरुवात सोज्वळ असते: दोन्ही हातांची तीन-तीन बोटं आणि डावा अंगठा खाली, झाला सा. रेला उजवी अनामिका उचलायची, पण त्याच हाताची करंगळी खाली ठेवायची. आणि गला? आत्ताच उचललेली अनामिका परत खाली, उजवी तर्जनी आणि मधलं बोट वर. हा उलटा कारभार म्युनिकच्या थेओबाल्ड बोमचा. माणूस सोनारकाम शिकलेला आणि दरबारात बासरी वाजवणारा. भोकं बोटांच्या सोयीनं नव्हे, ध्वनीच्या गणितानं पाडायची आणि मग बोटांना तिथवर पोचवायला कळांचे पूल बांधायचे, हा त्याचा हट्ट. १८४७ साली त्यानं बासरीला जे रूप दिलं तेच थोड्याफार फरकानं आजही चालतं, आणि पिकोलोनंही त्याचीच कळांची रीत उचलली. सोनाराचा हिशेब तो, त्यात चूक निघत नाही.

पण त्या गवर माझी गाडी वेगळ्याच कारणानं अडली. मॅडमच्या फोनवर सूर मोजणारं एक यंत्र असतं. माझा ग त्या यंत्राला सतत किंचित उतरलेला वाटे, मला मात्र तो नेमका वाटे. कारण उघड आहे. पियानोच्या समान वाटणीतला ग तानपुऱ्याच्या गांधारापेक्षा जवळजवळ १४ सेंट चढा असतो, म्हणजे अर्ध्या सुराचा सातवा हिस्सा. आई दुपारी तानपुरा लावून बसायची. जेवणं झालेली, ओटा पुसलेला. खर्जाची तार छेडली की काही वेळानं तीतून, कोणी न वाजवलेला, स्वयंभू गांधार वर यायचा. ‘आला बघ,’ ती म्हणायची, दारात उभ्या असलेल्या पाहुण्याबद्दल म्हणावं तशी. ती फार मोठी गायिका नव्हती. भजनी मंडळात दुसऱ्या रांगेत बसायची. पण तो गांधार आल्याशिवाय तिनं कधी तोंड उघडलं नाही. मॅडमना हे सांगितल्यावर त्यांनी यंत्र बंद केलं आणि म्हणाल्या, ‘एकदा तुमच्या आईंचा वाजवा, एकदा पियानोचा. दोन्ही यायला हवेत.’ ओठ जरासे वळवले की दोन्ही येतात. मला त्यातला एकच आवडतो.

म, प, ध ठीक. एकेक बोट सुटत जातं. आणि मग नी. नीला डाव्या हाताची उरलीसुरली तर्जनी आणि अंगठाही उचलायचा. सूर वाजवणारं एकही बोट जागेवर नाही. वाद्य टेकलंय ते खालच्या ओठावर, उजव्या अंगठ्यावर, डाव्या तर्जनीच्या मुळाशी आणि त्या बिचाऱ्या करंगळीवर. सगळं सोडून माणूस सर्वांत हलका झाला असं वाटावं, तर पुढचा सूर तार षड्ज, आणि त्याला डावी तर्जनी वगळता सोडलेलं सगळं एका क्षणात पुन्हा धरायचं. शिवाय करंगळी त्याच क्षणी उचलायची. सगळे ग्रंथ त्याग शिकवून थांबतात. त्यागानंतर लगेच सामान कसं उचलायचं हे फक्त पिकोलोवालेच शिकवतात.

या नीवर लटकलेला असताना मला नेहमी २२ डिसेंबर १८०८ची रात्र आठवते. व्हिएन्नाचं थंडगार नाट्यगृह, बीथोवनचा चार तासांचा कार्यक्रम, तालमी अपुऱ्या. सुरुवातीला सहावी सिम्फनी. तीत पिकोलोला काम फक्त वादळाच्या भागात. मग गाणी, पियानो, मध्यंतर. नंतर पाचवी, आणि तीत तो येतो थेट शेवटच्या भागात. मधे तो वादक गार पडत चाललेली नळी काखेत धरून बसला असेल. थंडीनं सूर उतरतात, बोटं आखडतात. आणि वेळ आली की पहिल्याच झटक्यात, सगळ्या ट्रम्पेट-ट्रॉम्बोनांच्या वरून, चढत्या सुरांचे झपाटे मारायचे! बीथोवनबद्दल कपाटभर लिहिलं गेलं आहे. काखेतल्या त्या नळीबद्दलही कुणीतरी लिहायला हवं होतं.

माझा तार षड्ज अजून दर वेळी लागत नाही. कधी येतो, कधी त्याच्याऐवजी नुसता वारा येतो. तेव्हा तुमच्या इमारतीत संध्याकाळच्या वेळी कोणी सात सूर वर जाऊन आठव्याशी अडखळत असेल, तर कृपा करून त्याच क्षणी बेल वाजवू नका. तक्रार जरूर करा, पण सां लागल्यावर. नीवर असलेल्या माणसाला दार उघडायला हात मोकळा नसतो.