उणे पंधरा अंश, कडक ऊन

मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट कोअरमध्ये वेब एपीआयचा नवा प्रोजेक्ट उघडला की न मागता एक हवामान खातं पदरात पडतं. 'वेदरफोरकास्ट' नावाचा क्लास आधीच लिहून ठेवलेला असतो. तापमान उणे २० ते ५४ अंशांच्या दरम्यान, चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखं. शेजारी 'फ्रीझिंग'पासून 'स्कॉर्चिंग'पर्यंतच्या दहा शेऱ्यांपैकी एक. त्याची चिठ्ठी वेगळी निघते, त्यामुळे उणे पंधरा अंशांत अंगाची लाही लाही होण्याची पूर्ण सोय आहे. पुण्याच्या वेधशाळेवर विनोद करणाऱ्यांनी हेही एकदा चालवून बघावं.

हे नुसतं उदाहरण आहे, काम सुरू करताना काढून टाकायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरीही उद्या एखाद्या कर्जवसुलीच्या सॉफ्टवेअरच्या कपाटात ही फाइल सुखाने नांदताना सापडली, तर दचकू नका. टेम्प्लेट म्हणून आलेली वस्तू कुणी वाचत नाही, आणि न वाचलेली वस्तू काढायची कुणाची छाती होत नाही.

तर प्रश्न असा आहे की अवजार बनवणाऱ्यांनी अशी तयार टेम्प्लेटं सोबत द्यावीत का, आणि दिली तर ती सांभाळावीत का. एका गटाचं म्हणणं, नवख्याला एका कमांडमध्ये चालणारं काहीतरी मिळालंच पाहिजे. दुसरा गट म्हणतो, आमचं काम कोड बांधायचं, तुमचा संसार मांडून द्यायचं नाही. दोघांचंही बरोबर आहे, म्हणून तर वाद संपत नाही. माझं मत विचाराल तर द्यावं, पण ज्याचं म्हातारपण काढायची तयारी आहे तेवढंच द्यावं.

म्हातारपण कसं असतं, हे 'क्रिएट रिॲक्ट ॲप'ला विचारा. फेसबुकने ते जुलै २०१६मध्ये आणलं. त्याआधी रिॲक्ट शिकायचं म्हणजे आधी वेबपॅक आणि बेबेल यांच्या पाया पडायचं. या एका कमांडने ती कटकट मिटवली. सगळी मांडणी 'रिॲक्ट-स्क्रिप्ट्स' नावाच्या एका पॅकेजात दडवली. घराबाहेर पडायला 'इजेक्ट' नावाचं दार होतं. ते एकाच बाजूने उघडायचं. एकदा इजेक्ट केलं की लपवलेला सगळा पसारा तुमच्या फोल्डरमध्ये, आणि परतीचा रस्ता बंद. उपकार मोठे होते, यात शंका नाही. एका अख्ख्या पिढीने रिॲक्टची पहिली ओळ त्यावर लिहिली.

मग पाचवं व्हर्जन आलं, डिसेंबर २०२१मध्ये, आणि त्यानंतर सांभाळणाऱ्यांचं लक्ष उडालं. मार्च २०२३मध्ये रिॲक्टची नवी अधिकृत माहितीची साइट आली, तिच्यात याची शिफारस नव्हती. कमांड मात्र जिवंत, शिकवणीचे व्हिडिओ जिवंत. डिसेंबर २०२४मध्ये रिॲक्ट १९ आलं. टेम्प्लेट सर्वांत नवं रिॲक्ट ओढून आणायचं आणि त्याच टेम्प्लेटमधली चाचणीची लायब्ररी १८वर अडून बसायची. दोघांचं पटेना, म्हणून एनपीएमने हात वर केले. विद्यार्थ्याने अजून एक अक्षर टाइप केलेलं नाही आणि स्क्रीनवर तांबड्या ओळींचा पाऊस! शेवटी १४ फेब्रुवारी २०२५ रोजी रिॲक्टच्या मंडळींनी त्याला रीतसर निवृत्त केलं. मुहूर्त काढणाऱ्याचं कौतुक करावं तेवढं थोडं.

पण निवृत्त झालं ते अवजार. त्याने वाटलेल्या प्रती कोण निवृत्त करणार? त्या टेम्प्लेटच्या पानात वर्णनाची एक ओळ असते, 'वेब साइट क्रिएटेड यूझिंग क्रिएट-रिॲक्ट-ॲप'. दुकानाचं, दवाखान्याचं, लग्नाच्या हॉलचं नाव गूगलवर शोधावं आणि खाली धंद्याची माहिती म्हणून हीच ओळ यावी! कोर्टाबाहेर टाइप करून घेतलेल्या भाडेकरारात आधीच्या भाडेकरूचं नाव राहून जातं, त्यातलाच प्रकार.

यावर नेहमीचं उत्तर, 'डेव्हलपर आळशी आहेत.' असतीलच. पण टेम्प्लेट लिहिणाऱ्याने आळस गृहीत धरूनच लिहायला हवं. 'एनपीएम इनिट'मध्ये नुसतं एंटर दाबत गेलेल्या किती जणांनी आपला कोड आयएससी परवान्याखाली जगाला दिला असेल, आणि त्यातल्या किती जणांनी तो परवाना कधी उघडून पाहिला असेल? वर्षानुवर्षं तिथला डिफॉल्ट तो होता, एवढाच त्यांचा निर्णय.

जँगोवाल्यांना माणूस कळतो. त्यांचं 'स्टार्टप्रोजेक्ट' तुम्हाला एक गुप्त किल्ली तयार करून देतं. तीच किल्ली लोक तशीच सर्व्हरवर चढवणार, हे त्यांनी ओळखलं आणि २०२१च्या ३.२ व्हर्जनपासून किल्लीच्या सुरुवातीलाच 'जँगो-इनसिक्युअर' असं लिहून टाकलं. सर्व्हरवर चढवण्याआधीची तपासणी चालवली की ती हीच अक्षरं पकडून कान पिळते. आपण विसरले जाणार हे आधीच धरून चालणारं टेम्प्लेट मला फार आवडतं.

रस्टच्या कार्गोचा संसार त्याहून सुटसुटीत. 'कार्गो न्यू' म्हटलं की एक छोटी माहितीची फाइल, एक 'हॅलो, वर्ल्ड!' आणि गिटसाठी दुर्लक्षाची यादी. संपलं. तरी एवढ्याशा संसारालाही डागडुजी लागतेच. पूर्वी कार्गो तुमचं नाव आणि ईमेल आपणहून त्या फाइलमध्ये घालायचं, ते २०२१मध्ये थांबवलं. लायब्ररीच्या प्रोजेक्टमध्ये लॉक फाइल गिटपासून लपवायची पद्धत होती, ती २०२३मध्ये बदलली. दोन-चार ओळींचा मामला, म्हणून जमलं. चाळीस फाइलींचं टेम्प्लेट असतं तर त्यावर समिती बसली असती.

मग काहीच देऊ नये का? गो भाषेने जवळजवळ तेच केलं. 'गो मॉड इनिट' तुम्हाला दोन ओळींची फाइल देतं, एक मॉड्यूलचं नाव आणि एक गोचं व्हर्जन. फोल्डर कसे मांडायचे ते तुम्ही बघा. पण रिकामी जागा आपल्याकडेच काय, कुठेच रिकामी राहत नाही. गिटहबवर कुणीतरी 'गोलँग-स्टँडर्ड्स' या नावाखाली फोल्डरांची एक मांडणी टाकली, जिचा गोच्या अधिकृत मंडळींशी संबंध नव्हता. नावातच 'स्टँडर्ड' म्हटल्यावर विचारतो कोण? लोकांनी ती प्रमाण मानून हजारोंनी पसंती दिली. अखेर २०२१मध्ये गोच्या टीमचे रस कॉक्स यांना तिथेच जाऊन लेखी तक्रार करावी लागली की हे प्रमाण वगैरे काही नाही. पुढे गोवाल्यांनी मांडणीबद्दलचं आपलं अधिकृत पान लिहिलं. तेच आधी लिहिलं असतं तर?

कंपन्यांनी आपापली टेम्प्लेटं बनवावीत, असाही एक उपाय सुचवतात. बनवतात की! हिंजवडीत मोठ्या कंपनीत आत गेलात की 'आमचं स्टार्टर किट' दाखवतात. ते बनवणारा आर्किटेक्ट तीन पगारवाढींपूर्वीच समोरच्या इमारतीत गेलेला असतो.

व्हीटने मधला मार्ग काढला आहे. लहानशी टेम्प्लेटं स्वतः ठेवायची, आणि कुणाला व्ह्यूचा भरलेला संसार हवा असेल तर त्याला व्ह्यूच्याच अधिकृत जनरेटरकडे धाडायचं. हे शहाणपण आहे. ज्याची चौकट त्याच्याच गळ्यात तिची देखभाल.

आणि प्रत वाटल्यावरही जबाबदारी घेणारं कुणी आहे का? आहे, रेल्स. नवं व्हर्जन घेतलं की 'रेल्स ॲप:अपडेट' चालवायचं. टेम्प्लेटमधल्या कोणत्या फाइली बदलल्या ते पाहून ते प्रत्येक फाइलपाशी थांबतं आणि विचारतं, ही बदलू का? 'डी' दाबलं तर जुन्या-नव्यातला फरक उलगडून दाखवतं. 'एन' दाबलं तर तुमची फाइल जशीच्या तशी ठेवतं. यापेक्षा अदबीने कुणी विचारू शकेल असं वाटत नाही. फक्त त्याच यादीत एक 'ए'ही दिलेला आहे, म्हणजे सगळ्या फाइली एकदम बदला. शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता कोणतं बटण दाबलं जातं, ते रेल्सच्या हातात नाही.