बिनकेमिकल नाना

प्रत्येक सोसायटीत एक तरी नाना असतातच. निवृत्त, सदरा-लेंगा, पायात कोल्हापुरी आणि खिशात भिंग. भिंग वर्तमानपत्रासाठी नाही, वाण्याकडे पाकिटामागचा बारीक मजकूर वाचण्यासाठी. दहा रुपयांचा बिस्किटपुडा घ्यायला गेलेले नाना अर्धा तास काउंटर अडवून उभे राहतात. मजकुरात 'डायऑक्साइड' दिसलं, की पुडा दोन बोटांच्या चिमटीत धरून परत. "यात केमिकल आहे."

"नाना, सामान घ्यायचंय की पेपर तपासायचेत?" वाणी विचारतो. त्यावर नाना मागच्या रांगेकडे तोंड करून प्रवचन सुरू करतात. रांगेत मी असतो.

टूथपेस्टवर त्यांचा विशेष राग. "सिलिका म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड. वाळू हो, वाळू! वाळूनं दात घासता?" नाना स्वतः गावाहून आणलेल्या तुसाच्या राखेनं दात घासतात. भाताचं रोप जमिनीतून सिलिका शोषतं आणि तुसात साठवतं. तूस नीट जळालं की मागे उरते ती बहुतेक सगळी सिलिकाच. पण राखेच्या डब्यावर काही छापलेलं नसतं, आणि जे छापलेलं नाही ते नानांच्या लेखी केमिकल नव्हेच. नव्या चपलांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी ते सांडशीनं उचलतात. ज्या भिंगातून तिच्यावरचं 'खाऊ नये' वाचतात, त्याची काच मुख्यतः सिलिकाचीच. मनगटावरच्या घड्याळातला क्वार्ट्झही तोच, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा. डायऑक्साइडचं नाव ऐकून नाना थरथरतात तेवढा नाही, पण बऱ्यापैकी.

बेदाण्याचा प्रसंग मात्र मी जवळून पाहिला. नानांच्या तासगावच्या साडूंनी दोन पिशव्या पाठवल्या होत्या. एकीत पिवळाधमक बेदाणा, दुसरीत काळपट, सुरकुतलेला. नानांनी पिवळा दाणा चिमटीत धरून ट्यूबलाइटसमोर नेला, आरपार दिसतो का ते पाहिलं, आणि माझ्या तळहातावर ठेवला. "बघ! सोनं आहे सोनं. निसर्गाचा रंग." काळपट पिशवी त्यांनी 'खराब माल' म्हणून मोलकरणीला देऊन टाकली.

आता तासगावकडच्या शेडमध्ये काय चालतं ते कुणीही शेतकरी सांगेल. बेदाणा पिवळा राहावा म्हणून त्याला गंधकाची धुरी देतात. गंधक जळला की सल्फर डायऑक्साइड तयार होतो, आणि कापलेलं सफरचंद जसं काळं पडतं तसं द्राक्षाला होऊ देत नाही. बुरशीही आवरतो. प्रमाणात असेल तर बहुतेकांना काही होत नाही; दम्याच्या माणसानं मात्र जपावं. म्हणजे नानांनी सल्फर डायऑक्साइड स्वतःच्या पोटात ठेवला आणि बिनधुरीचा माल मोलकरणीच्या घरी पाठवला. ती बाई हसत घेऊन गेली. तिला बहुधा ठाऊक असावं.

साखरेच्या बाबतीत नाना पक्के आहेत. उसाचा रस स्वच्छ करायला कारखान्यात हाच वायू सोडतात, हे त्यांना पाठ आहे आणि ते खरंही आहे. म्हणून घरात गुळाचा चहा. गूळ मात्र हवा केशरी-पिवळा. तो रंग यावा म्हणून कित्येक गुऱ्हाळांत काहिलीत हायड्रॉस नावाचं रसायन टाकतात आणि त्यातूनही सल्फर डायऑक्साइडच येतो, हे त्यांना अजून कुणी फॉरवर्ड केलेलं नाही.

नाना कधीकधी बरोबर असतात, हीच खरी पंचाईत. गोळीच्या पांढऱ्या आवरणातल्या टायटॅनियम डायऑक्साइडवर ते तुटून पडले, तेव्हा मी हसलो नाही. युरोपीय संघानं २०२२ साली तो खाद्यपदार्थांतून हद्दपार केला आहे. भिंतीच्या रंगात आणि उन्हाच्या क्रीममध्ये तो तिकडेही सुखानं नांदतो. पण 'केमिकल सगळं बाहेरून येतं' या त्यांच्या दुसऱ्या सिद्धांताचं काय करायचं? रत्नागिरी हे नानांचं आजोळ. तिथल्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे, आणि हे पांढरंशुभ्र प्रकरण त्याच खनिजातून काढतात. त्यांच्या ट्रान्झिस्टरच्या सेलमधली काळी भुकटी म्हणजे मँगनीज डायऑक्साइड. त्याचं खनिज भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून निघतं. नाना म्हणाले, "मग ते देशी आहे. देशी चालतं."

जेवणानंतर त्यांना सोडा लागतो. "त्यात काय, पाणीच तर आहे." या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळवण्याची युक्ती जोसेफ प्रीस्टली यांना १७६७ साली इंग्लंडमधल्या लीड्स इथे बिअरच्या भट्टीशेजारी राहताना सुचली, हे मी सांगितलं. त्यांना फक्त बिअर ऐकू आली.

गणपतीत पोरांनी कैलासाचा देखावा केला. धुक्यासाठी कोरडा बर्फ आणला. म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशांचा. दिसतं ते धुकं हवेतल्या बाष्पाचं, पण सोबतचा वायू हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचणारा. नाना नेमके पुढे सतरंजीवर मांडी घालून बसलेले. "अगरबत्तीचा धूर नाही, केमिकल नाही, शुद्ध हिमालय!" असं म्हणत दीर्घ श्वास घेत होते. बी.एस्सी.ला असलेल्या एका मुलीनं धावत जाऊन मागचं शटर वर केलं. नाना खवळले. "अगं, धुकं जाईल ना!"

सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीचं जमिनीखालचं पेव उघडलं की जुने हमाल लगेच आत उतरत नसत. आत हाच वायू साचलेला असायचा, म्हणून आधी हवा खेळू देत, कंदील सोडून पाहत. कंदील विझला तर माणूस वरच थांबे. हे मी नानांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "हळद सेंद्रिय होती का?"

परवा त्यांनी जिन्यात फलक लावला : 'आपली सोसायटी डायऑक्साइडमुक्त करू या'. वार्षिक सभेत ठराव मांडणार आहेत. माणूस श्वासावाटे दिवसाला साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. तुमच्या सोसायटीत असे नाना असतील, तर त्यांना सभेच्या सुरुवातीलाच बोलू द्या, आणि खिडक्या उघड्या ठेवा.