कॅपाडोकिया, मार्गे निघोज

दाजी तुर्कस्तान पाहून आले आणि आमच्या घरात तळघर हा विषय बंद झाला. कुणी कांदे आणायला खाली उतरू लागलं की मागून आवाज येई, "हे काहीच नाही. डेरिंकुयूला पंच्याऐंशी मीटर खोल गाव आहे. वीस हजार माणसं मावायची म्हणतात, गुरंढोरं वेगळी." उतरणारा निम्म्या पायरीवर थांबून ऐकून घेई आणि कांदे विसरून वर येई.

दाजी म्हणजे आमच्या अक्काचे यजमान. श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात स्लिपबॉय म्हणून चिकटले आणि शेतकी खात्यातून निवृत्त झाले. मधली सगळी वर्षं त्यांनी शेतकऱ्यांना एकच वाक्य ऐकवलं, "तुमची तोड पुढच्या आठवड्यात." त्यामुळे खात्री नसलेली गोष्ट ठाम आवाजात सांगण्याचा हातखंडा त्यांच्याकडे तयारच होता. पर्यटक मार्गदर्शकाला याहून जास्त भांडवल लागत नाही.

सहलीला अक्काही गेली होती. खरं तर डेरिंकुयूच्या तळापर्यंत तीच गेली. दुसऱ्या मजल्यावरचं भुयार अरुंद, कमरेत वाकून जायचं. दाजींचं पोट तिथं पोचल्यावर मागची रांग थांबली. गाइडनं त्यांना सन्मानानं वर पाठवलं आणि अक्का खाली असेपर्यंत दाजींनी वर बसून पेल्यामागून पेला चहा घेतला. ही हकिगत घरात सगळ्यांना माहीत आहे, आणि सगळ्यांना माहीत आहे हे फक्त दाजींना माहीत नाही. त्यामुळे ते खालच्या मजल्यांचं वर्णन करू लागले की अक्का भाजी निवडता निवडता हळूच दुरुस्ती सुचवते. "अहो, तबेले खाली नव्हते, वरच होते." दाजी लगेच म्हणतात, "तेच सांगतोय."

तरी माहिती त्यांनी भरपूर आणली होती, हे कबूल करायला हवं. एर्जियेस आणि हसन हे कॅपाडोकियातले मोठे ज्वालामुखी. त्या भागातल्या ज्वालामुखींनी लाखो वर्षांपूर्वी ओकलेली राख साचून दगड झाली, पण दगड इतका मऊ की लोखंडी हत्यारानं खरवडता येतो आणि उघड्यावर आला की घट्ट होतो. मग लोकांनी बांधायचे कष्ट घेतलेच नाहीत, कोरत सुटले. घरं, तबेले, द्राक्षारसाची कुंडं, चर्चं. तिथल्या गोरेमेच्या दरीतली रंगवलेली चर्चं बहुतेक दहाव्या ते बाराव्या शतकातली. युनेस्कोनं 1985 साली ती सगळी दरी वारसा म्हणून नोंदवली. त्यातल्या एका चर्चचं नावच ‘काळोखं चर्च’. खिडकी एवढीशी, ऊन आत येत नाही, म्हणून भिंतींवरचे रंग अजून ताजे. तेवढ्यासाठी तिकीट वेगळं काढावं लागतं. "काळोखाचे पैसे घेतात!" हे वाक्य दाजी दोन भावनांनी म्हणत: आधी संतापानं, मग कौतुकानं.

पण शेतकी खात्याच्या माणसाचा जीव अडकला तो कबुतरांत. तिथल्या शेतकऱ्यांनी कड्यांत उंचावर कबुतरखाने कोरले आणि विष्ठा गोळा करून द्राक्षबागांना घातली. दाजींच्या फोनमध्ये येशूचे फोटो मोजके, कबुतरांच्या भोकांचे ढीगभर.

असं सगळं चाललेलं असताना एका संध्याकाळी मावशीनं विचारलं, "जावईबापू, म्हणजे आपल्या ढोकेश्वरासारखंच का मग?"

दाजी गप्प झाले. लहानपणी श्रावणात यात्रेला गेले होते, पण त्यांना आठवत होता तो पाळणा आणि भेळ. शेजारच्या पारनेर तालुक्यातलं टाकळी ढोकेश्वरचं लेणं पाहायचं राहून गेलं, आणि कुठल्या कुठं तुर्कस्तान पाहून झालं, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली असावी. रात्री जेवताना घोषणा झाली: येत्या रविवारी एकदिवसीय भूगर्भ सहल. मार्गदर्शक स्वतः दाजी.

सहा वाजता निघायचं म्हणून पावणेसहालाच दाजी क्रूझरपाशी उभे. छत्रीच्या टोकाला लाल रुमाल, गळ्यात शिट्टी. "गर्दीत हरवलात तर रुमालाकडे बघायचं." गर्दी म्हणजे मी, अक्का, मावशी, गाडी चालवणारा भाचा आणि भाकरीचं गाठोडं. मावशीनं शेख महंमद महाराजांचं दर्शन घेतल्याशिवाय श्रीगोंदा सोडायला नकार दिला, त्यामुळे वेळापत्रक पहिल्याच मुक्कामाला कोलमडलं. दाजींनी शिट्टी वाजवली. मावशी म्हणाली, "जावईबापू, ही कारखान्याची पाळी नाही."

बेलवंडी फाटा, शिरूर असं करत आम्ही निघोजचे रांजणखळगे बघून पुढं ढोकेश्वराला जाणार होतो. शिरूर सोडल्यावर भाच्यानं फोनच्या नकाशात नुसतं ‘टाकळी’ घातलं. महाराष्ट्रात नुसतं टाकळी घालून इष्ट स्थळी पोचलेला माणूस अजून जन्मायचा आहे. नकाशानं आम्हाला टाकळी हाजीला नेलं, म्हणजे कुकडी नदीच्या अलीकडे, पुणे जिल्ह्यात. पलीकडच्या काठावर निघोज, आमचा जिल्हा, आमचे खळगे. मधे झुलता पूल. भाचा ओशाळला, पण दाजी नकाशावर खूश झाले. "इस्तंबूलला हेच आहे! एक काठ युरोप, एक काठ आशिया. चला, आता आपण पूल ओलांडून आशियात जायचं." मावशी पुलाचा दोर धरून आशियात दाखल झाली आणि मळगंगा देवीला हात जोडून मोकळी झाली.

निघोजचे कुंड पाहताना माणसाचं बोलणं आपोआप कमी होतं. अपवाद असतात. नदीच्या पात्रात काळा कातळ, आणि त्यात घासून गुळगुळीत झालेले खोल रांजण, एकात एक घुसलेले. खळग्यात गोटे अडकतात, पुराचं पाणी त्यांना गरगर फिरवतं, गोटे कातळ कातरत खाली जातात. हातोडा नाही, छिन्नी नाही, मजुरी नाही. दाजींनी वाकून पाहिलं आणि विचारलं, "पाणी कुठलं हे?"

"कुकडीचं."

श्रीगोंद्याच्या माणसाला कुकडी ही नदी वाटतच नाही, ती एक तारीख असते. डाव्या कालव्याचं आवर्तन कधी सुटणार, आपल्या चारीला कधी पोचणार, वरच्यांनी किती उपसलं, यापलीकडे तिचा विचार करायला कुणाला सवड नसते. इथं ती निवांत दगड कोरत बसलेली पाहून दाजींचा पारा चढला. "आमचे लिंबाचे बाग वाळतात आणि ही इथं नक्षीकाम करते!" त्या दिवशी तुर्कस्तानाचा उल्लेख आला नाही असा हा एवढाच प्रसंग.

ढोकेश्वराला पोचलो तेव्हा ऊन टळटळीत होतं. गावाजवळच्या टेकडीवर पायऱ्या चढून जायचं. मावशी गुडघे धरत, पण न थांबता वर गेली. दाजी प्रत्येक वळणावर थांबून आम्हाला भूशास्त्र समजावून सांगू लागले. सांगत होते ते मात्र खरं होतं. आपला दख्खनचा बेसाल्ट म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो खरवडून निघत नाही. छिन्नी मारावी तर ठिणगी उडते. गोरेमेत एखादा साधू मनात आणून स्वतःची खोली स्वतः कोरू शकत असेल. इथं पिढीजात पाथरवटच हवा. आणि हे लेणं साधारण सहाव्या शतकातलं, म्हणजे दाजींनी पैसे मोजून पाहिलेल्या चर्चांहून निदान चारशे वर्षं जुनं. हा हिशेब त्यांनी पायरीवर बसून स्वतःच केला, पुन्हा केला, आणि बाटलीतलं निम्मं पाणी पिऊन टाकलं.

आत शिरलं की आधी गारवा लागतो. दर्शनी भागात जाडजूड खांब, आत मंडप, गाभाऱ्यात शिवलिंग, दाराशी थोराड द्वारपाल. दाजींनी खांबावर थाप मारली. "हे खांब कशासाठी आहेत, सांगा."

"छत पेलायला," भाचा म्हणाला.

"चूक! छत डोंगराचं आहे, त्याला कोण पेलणार? बांधलेल्या देवळात असतात म्हणून कोरलेत. गोरेमेत काही चर्चांत खांब खालून तुटून पडलेत, छत जागच्या जागी. आमच्या कारखान्याचे संचालक बघ. निम्मे काढून घेतले तरी चिमणी उभी."

मग छताकडे बघून त्यांनी इथं कबुतरं किती, अशी चौकशी केली. उत्तर कुणाकडेच नव्हतं.

गाभाऱ्याभोवती कातळातूनच प्रदक्षिणेची वाट काढलेली आहे. म्हणजे पाथरवटानं मधला चौकोन शाबूत ठेवून भोवतीचा डोंगर काढून टाकला. ती वाट अंधारी. दाजी तोंडाशी छत्री आडवी धरून उभे राहिले आणि भाच्याकडून काळोखाचे वीस रुपये घेतले. मावशीनं मात्र छत्रीखालून वाकून, फुकट प्रदक्षिणा घातली आणि बाहेर येऊन म्हणाली, "देवाच्या दारात तिकीट लावणारा जावई मिळाला, काय पाप केलं होतं!"

सप्तमातृकांपुढे आल्यावर मार्गदर्शकाचं ज्ञान संपलं. गोरेमेत अशा सात जणी नसल्यामुळे त्यांच्याकडे तुलना नव्हती. त्यांनी "या देव्या" एवढं सांगून छत्री पुढं हलवली. अक्का तिथंच थांबली. पदरानं घाम पुसत ती म्हणाली, "चेहरे बघू नका, वाहनं बघा. हंस असेल ती ब्राह्मी, बैल असेल ती माहेश्वरी, मोर कौमारीचा, गरुड वैष्णवीचा, हत्ती इंद्राणीचा. तोंड डुकराचं असेल तर वाराही. आणि हाडं मोजता आली तर चामुंडा." मग मावशी आणि ती दोघी दगडाला नाक लावून एकेक ओळखू लागल्या, लग्नाच्या जुन्या फोटोत कोण कुणाची जाऊ, असा तो कार्यक्रम बराच वेळ चालला. गंगा-यमुनाही त्यांनीच शोधल्या. दाराच्या चौकटीशी या दोन नद्या उभ्या असतात, आत जाणाऱ्यावर पाणी पडून तो पवित्र व्हावा म्हणून. "हे तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं. अक्का म्हणाली, "पुस्तक वाचलं. यांनी तिकीट काढल्यापासून दोन्हीकडचं वाचत होते. कुणी विचारलंच नाही."

पायथ्याला झाडाखाली भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी निघाली. दाजींनी जेवताना गोरेमेतलं भोजनगृह सांगितलं: लांबलचक टेबल आणि दोन्ही बाजूंची बाकडी एकाच दगडातून कोरलेली, चाळीस-पन्नास साधूंची पंगत एकदम. "सरकवायचं म्हटलं तरी सरकत नाही," ते म्हणाले. मावशीनं ठेचा पुढं केला.

परतीच्या वाटेवर पारनेरच्या अलीकडे क्रूझर एका घोंगड्यांच्या दुकानापुढं आपोआप उभी राहिली. आत चहा तयार. दुकानदार दाजींच्या चुलतभावाचा साडू. घोंगडी उलगडली, लोकर हाताला लावली, किंमत ऐकवली, ‘आपल्या माणसांना’ म्हणून कमी केली. दाजी तुर्कस्तानातून एवढी विद्या तरी अस्सल घेऊन आले होते. तिथं त्यांना याच पद्धतीनं आधी गालिच्यांच्या आणि मग आवानोसच्या मातीच्या भांड्यांच्या दुकानात नेलं होतं. आम्ही एक घोंगडी घेतली. दाजींना कमिशन मिळालं का, हे विचारायचं धाडस भाच्यानंही केलं नाही.

सुप्यावरून तालुक्यात शिरेस्तोवर दिवस कलला. मावशीच्या जुन्या घरी चहाला थांबलो, तेव्हा ती अंगणातल्या एका शहाबादी फरशीकडे बोट दाखवून म्हणाली, "तुमचं ते खालचं गाव. आमच्याकडं हे आहे."

पेव. वरून तोंड एवढंसं, आत पोट मोठं, मुरमात खणलेलं. तळाला आणि कडेला कडबा, भुसा लावून ज्वारी भरायची आणि वर माती लिंपून टाकायची. बहात्तरच्या दुष्काळात घरात दाणा नाही असं जगाला सांगून मावशीच्या सासऱ्यांनी याच पेवावर घर तगवलं होतं. पेवातल्या ज्वारीच्या भाकरीला आंबूस वास येतो. "त्या वासावरनंच शेजाऱ्यांना कळायचं, कुणाकडं शिल्लक आहे," मावशी म्हणाली.

फरशी सरकवली. दाजींनी लगेच सदऱ्याच्या बाह्या सारल्या, भाच्याला उतरायचा हुकूम दिला आणि खबरदारी म्हणून सुतळीला मोबाइल बांधून, बॅटरी लावून आत सोडला. "बघा, उजेड आहे. उतर!"

मावशी कडाडली, "त्या मोबाइलला श्वास लागतो का, जावईबापू?"

पेव उघडलं की ते आधी वाऱ्याला पडू द्यायचं. मग कंदील सोडायचा. तो विझला तर आत हवा खराब. माणूस उतरला तर तोही तसाच विझतो. अशी माणसं गेलेली आहेत. मोबाइलचा उजेड मात्र हवा असो नसो, लखलखत राहतो. अक्का म्हणाली, "डेरिंकुयूला याचसाठी वरपासून खालपर्यंत हवेचं विवर आहे. एक तर थेट विहिरीत उतरतं. मी खालून वर पाहिलं होतं." आणि मग तिनं त्या गावाचं उरलेलं सगळं सांगितलं: आतून लोटायची गोल दगडी दारं, त्यांना मधोमध भाला घालण्यापुरतं भोक, आणि 1963 साली एका माणसानं घराची भिंत पाडली तेव्हा मागं खोली, तिच्यामागं आणखी खोली असं करत हे गाव नव्यानं सापडलं ते. दाजी पेवाच्या काठावर बसून लक्ष देऊन ऐकत होते. मधे एकदाच त्यांनी विचारलं, "आणि त्याच्या खाली?"

वाचकांपैकी कुणाला कॅपाडोकियाला जायचं असेल तर जरूर जावं. त्याआधी टाकळी ढोकेश्वर बघून घ्यावं, म्हणजे तिथं काय विचारायचं ते कळतं. नकाशात गावाचं पूर्ण नाव घालावं, श्रावणी सोमवारी लेणी निरखायला जाऊ नये, दर्शनालाच जावं, आणि बॅटरी न्यावी. मार्गदर्शक हवा असेल तर अक्काला विचारा. दाजीही येतील, त्यांची फी नाही, काळोखाचे वीस रुपये तेवढे वेगळे.